परसातील खग्रास

सन 2025 च्या दशलक्षण पर्वाची सांगता अनंत चतुर्दशीस, 6 सप्टेंबर रोजी झाली आणि दुसऱ्याच रात्री भाद्रपद पौर्णिमेच्या चंद्राला खग्रास ग्रहण लागले. रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी बिंबाची कड काळवंडू लागली. पुढे 11 वाजल्यापासून 82 मिनिटे संपूर्ण चंद्र छायेत होता. साताऱ्या-सांगलीकडे भाद्रपदात ग्रहण आले की खरा राहू ढगांचाच असतो, ही गोष्ट वेगळी.

अशा रात्री अनेक घरांत आजही दारे-खिडक्या लावून घेतात. गर्भवती सुनेला आतल्या खोलीत बसवून ठेवतात, पाण्याचा घोटही नाकारतात. चौविहार असेल तर तो स्वेच्छेने घेतलेल्या नियमाचा भाग होय. ग्रहणाच्या धास्तीने तहानलेल्या बाईचे पाणी तोडणे हे निराळे. ही धास्ती आपल्या आगमांतून आलेली नाही. भगवती सूत्राच्या बाराव्या शतकात गौतमस्वामींना उत्तर देताना भगवान महावीरांनी, राहू चंद्राला गिळतो हे लोकांचे म्हणणे मिथ्या ठरविले आहे. येता-जाता तो चंद्राचा प्रकाश झाकतो, इतकेच. दिगंबर परंपरेच्या तिलोयपण्णत्तीतही राहूचे विमान चंद्राखालून जाते, असे वर्णन आहे. गिळणे नाही, विष नाही, चंद्राला इजा नाही. पर्वराहू चंद्राला झाकतो तो किमान सहा महिन्यांच्या अंतराने, असेही आगमात सांगितले आहे. भाद्रपदातील त्या ग्रहणानंतरचे चंद्रग्रहण 3 मार्च 2026 रोजी, नेमक्या सहा चांद्रमासांनी आले.

मात्र दुर्बिणीतून दिसते ते विमान नव्हे, पृथ्वीची सावली होय. हे मुलांना सांगताना आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. सावलीची कड दर वेळी गोलाकारच असते आणि तिचा बाक चंद्राच्या कडेपेक्षा पुष्कळ मोठ्या वर्तुळाचा असतो. चंद्राच्या अंतरावर ही सावली त्याच्या अडीच पटींहून अधिक रुंद असते. खग्रासातील तांबूस उजेडही पृथ्वीच्याच वातावरणातून वळून तेथवर पोचलेला सूर्यप्रकाश आहे.

यासाठी मोठ्या वेधशाळेची गरज नाही. 70 मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग, 700 मिलिमीटर नाभीय अंतर आणि 25 मिलिमीटरची नेत्रिका असली की प्रतिमा 28 पट मोठी होते आणि सगळा चंद्र एका दृष्टिक्षेपात मावतो. तिपाई मात्र भक्कम हवी; डगमगणाऱ्या तिपाईवर महागडी दुर्बीणही वाया जाते. चंद्र दर दोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीइतका सरकत असल्याने नळी सतत किंचित वळवावी लागते. चंद्रग्रहण पाहताना डोळ्यांना कसलाही धोका नाही. तीच दुर्बीण सूर्याकडे वळविली तर मात्र क्षणात दृष्टी जाईल.

रोजमेळ जुळल्याखेरीज दिवा न मालवणाऱ्या घरांना यातील पुढचे काम विशेष मानवेल. टायकोसारख्या ठळक विवराला सावली कधी भिडली, कधी तिने ते पुरते झाकले, हे घड्याळ पाहून टिपावयाचे. कड धूसर असल्याने अर्ध्या मिनिटाचा फरक पडतोच. तोही लिहून ठेवावा. एका भावाचे दुकान साताऱ्यात व दुसऱ्याचे सांगलीत असेल, तर दोन्ही परसांतील नोंदी ताडून पाहाव्यात. सूर्यग्रहण गावागणिक बदलते. चंद्रावरील सावली मात्र सर्वांना एकाच क्षणी दिसते. आज दोन्ही गावांची घड्याळे एकच प्रमाणवेळ दाखवितात, म्हणून नोंदी जुळतील. पण सूर्य माथ्यावर येण्याच्या हिशेबाने सांगली साताऱ्यापेक्षा सुमारे सव्वादोन मिनिटे पुढे आहे, कारण ती अर्ध्या अंशाहून थोडी अधिक पूर्वेला आहे. तारायंत्र येण्यापूर्वी दोन गावांचे रेखांशांतर काढण्यासाठी चंद्रग्रहणातील स्थानिक वेळांचा हाच फरक वापरीत.

भारतातून आरंभापासून अखेरपर्यंत दिसणारे पुढील खग्रास चंद्रग्रहण 31 डिसेंबर 2028 च्या रात्री आहे. सुमारे साडेआठनंतर सावली चढू लागेल. पावणेदहा ते अकरा या वेळेत चंद्र पूर्ण झाकलेला असेल. ते दिवस थंडीचे, आकाश बहुधा निरभ्र असते. वडीलधाऱ्यांसाठी परसात एक खुर्ची व शाल आधीच काढून ठेवावी, आणि घरात कोणी गर्भवती असेल तर तिच्यासाठीही.