सेनापतिपद कोणी बुडवले? (धागा)

तारापूर म्हटले की आज अणुऊर्जा केंद्र आठवते आणि बोईसर म्हटले की कारखान्यांची वसाहत. याच पट्ट्यात, चिंचणीच्या शेजारी, पोर्तुगीजांचा किल्ला आहे. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तो सुरुंग लावून आणि एल्गार करून घेतला. बाजी भिवराव रेठरेकर येथेच गोळी लागून पडले. या विजयाचे स्मरण करताना समाजमाध्यमांवर चिमाजी आप्पांना बिनदिक्कत ‘सरसेनापती’ म्हटले जाते.

ते सरसेनापती नव्हते. छत्रपती शाहूंचे सेनापती त्या वेळी हयात होते, पदावर होते आणि त्यांचे नाव यशवंतराव दाभाडे. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी आजच्या पालघर जिल्ह्यातील ठाणी एकामागून एक पडत होती आणि मे महिन्यात वसईही पडली. त्या शतकातील मराठ्यांच्या सर्वांत अवघड वेढ्यांपैकी हा एक. त्याचे नेतृत्व मात्र सेनापतींकडे नव्हते. ते पेशव्यांच्या धाकट्या भावाकडे होते.

या विसंगतीवर दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले : पेशव्यांनी कारस्थान करून सेनापतिपद नष्ट केले. दुसरे : त्या पदाला शोभेल असा वीरच उरला नव्हता. पहिल्यात जातीचा राग आहे, दुसऱ्यात जातीचा गर्व. इतिहास दोन्हींत बेताचाच आहे.

आधी दुसरे उत्तर, कारण ते लवकर निकालात निघते. ज्या मुलुखाने मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे दिले त्यात वीरांचा दुष्काळ होता, असे कोण म्हणेल? आणि सेनापतींच्या घरातच पाहायचे तर यशवंतराव अल्पवयीन असताना कारभार त्यांच्या आई उमाबाई दाभाडे पाहत होत्या. १७३२ मध्ये पिलाजी गायकवाडांचा डाकोर येथे खून झाल्यावर अहमदाबादेवर चालून गेल्या त्या उमाबाईच. सेनापतीचे काम त्यांनी केले. सेनापतिपदाची वस्त्रे मुलाच्या अंगावर होती. काम आणि नाव यांची फारकत दाभाड्यांच्या वाड्यातच झाली होती, शनिवारवाड्याला त्यासाठी कारस्थान करण्याची गरज नव्हती.

आता पहिले उत्तर. यात तथ्याचा अंश आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर लढले आणि त्र्यंबकराव मारले गेले. पेशव्याने सेनापतीला रणात मारावे, ही घटना साधी नव्हे. पण पुढे काय झाले, हे सांगताना कारस्थानवादी थांबतात. शाहूंनी पद रद्द केले नाही. ते त्र्यंबकरावांच्या भावालाच दिले आणि गुजरात दाभाड्यांकडेच ठेवली. अट एवढीच की गुजरातच्या वसुलाचा अर्धा हिस्सा पेशव्यांमार्फत सरकारात भरावा.

‘एवढीच’ हा शब्द इथे फसवा आहे. सगळी मेख त्या अटीत आहे.

मराठी राज्यात फौज म्हणजे वसूल. ज्याच्या हाती चौथाई-सरदेशमुखी, त्याच्या पागेत घोडी. १६७४ च्या राज्याभिषेकात ‘सरनोबत’ जाऊन ‘सेनापती’ हा शब्द आला, तेव्हा हंबीरराव मोहित्यांची फौज राज्याच्या खजिन्यावर उभी होती. राजारामांच्या काळात, जिंजीच्या वेढ्याच्या धामधुमीत, खजिनाच उरला नाही. सरदारांनी मुलूख मारावा आणि त्यावर फौज पोसावी, ही रीत पडली. त्याच काळात सेनापतिपद छत्रपतींना जड होऊ लागले. संताजी घोरपड्यांचे पद काढले गेले आणि पुढे ते मारले गेले. धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन यांनी तर १७११ मध्ये शाहूंचा पक्षच सोडला. चिमाजी आप्पा तेव्हा मुंज झालेले पोर असतील-नसतील. सेनापतीला छत्रपती बिचकू लागले ते पेशवाईच्या आधीपासून.

शिंदे, होळकर, पवार यांना सरंजाम पेशव्यांकडून मिळत होते. हुकूम कोणाचा मानायचा, हे सरंजामाने ठरते, वस्त्रांनी नव्हे. म्हणून तारापूरच्या तटाला भिडलेल्या लोकांना सेनापती नको होता असे नाही. त्यांना त्याची गरजच पडली नाही.

समुद्रावर हेच अधिक नागडेपणाने घडले. कान्होजी आंग्रे ‘सरखेल’ होते. त्यांच्या मुलांत भांडण लागले तेव्हा संभाजींकडे सरखेली राहिली, मानाजींसाठी ‘वजारतमाब’ असा वेगळा किताब निघाला. एका पदाचे दोन किताब झाले की दोघांचाही भाव उतरतो. १७५६ मध्ये नानासाहेबांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पाडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. ही चूक अक्षम्य होती आणि पेशव्यांच्या वकिलीने ती धुऊन निघत नाही. त्यानंतर आरमाराचे प्रमुख झाले आनंदराव धुळप. त्यांचे पद मात्र ‘आरमाराचा सुभेदार’. सरखेल स्वतःच्या बळावर तह करीत असे, सुभेदार हिशेब देतो.

जगात इतरत्र हे हुकुमाने झाले. फ्रान्समध्ये ‘कोनेताब्ल’ हे सर्वोच्च लष्करी पद रिशल्यूने १६२७ मध्ये सरळ रद्द केले, कारण राजाच्या खालोखाल एवढी तलवार एका हाती नको होती. स्वतंत्र भारतानेही १९५५ मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ हे पद संपवून ‘लष्करप्रमुख’ आणला. फील्ड मार्शल हा हुद्दा ठेवला, पण माणेकशांना तो १ जानेवारी १९७३ ला मिळाला, निवृत्तीला दोन आठवडे उरले असताना. करिअप्पांना तर निवृत्तीनंतर तेहतीस वर्षांनी, १९८६ मध्ये. मान द्यायचा, फौज द्यायची नाही, हे प्रजासत्ताकाने उघडपणे ठरवले. साताऱ्याच्या गादीने असे काहीच ठरवले नाही. पद वंशपरंपरागत होऊ दिले, पोकळ होऊ दिले आणि कागदावर जपले. खापर फोडायचेच तर या न ठरवण्यावर फोडावे.

१७५१ मध्ये दाभाडे आणि दमाजी गायकवाड नानासाहेबांविरुद्धच्या संघर्षात हरले. त्यानंतर गुजरात वाटली गेली ती पेशवे आणि गायकवाड यांच्यात. सेनापती त्या वाटणीत कुठेच नव्हता. १७६१ मध्ये पानिपतावर लाखाच्या छावणीचे नेतृत्व सदाशिवरावभाऊंनी केले, तेही सेनापतिपदाच्या वस्त्रांवाचून. गायकवाडांनी मात्र दाभाड्यांच्या हाताखालचा आपला ‘सेनाखासखेल’ हा किताब बडोद्याच्या गादीसोबत विसाव्या शतकापर्यंत मिरवला. कागल तालुक्यात घोरपड्यांच्या गावाला अजून ‘सेनापती कापशी’ म्हणतात. आणि ज्या तारापूरसाठी बाजी भिवराव पडले, तो किल्ला पुढे पेशव्यांनीच विकाजी मेहेरजी या पारशी ठेकेदाराला इनाम दिला.