पडद्याच्या पुढची खुर्ची

आमच्या धुळ्याला विमाने पुष्कळ. विमानात बसणारा मात्र विरळा. गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची चिमुकली विमाने उडतात, गावावर दोन-चार घिरट्या घालतात आणि जिथून उडाली तिथेच इमानेइतबारे परत उतरतात. मुंबईच्या ज्या फ्लाइंग क्लबात जे. आर. डी. टाटा शिकले आणि १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळवते झाले, त्याच क्लबाने पुढे आमच्या गावी शिक्षणाचे ठाणे केले. एवढे मोठे कुळ असूनही धुळेकराला विमान म्हणजे दुपारच्या झोपेत कानाशी घोंघावणारा एक मोठासा भुंगा, एवढीच त्याची ओळख.

शेजारच्या जळगावची गोष्ट निराळी. तिथे २०१२ साली विमानतळ झाला. २०१७ च्या डिसेंबरात 'उडान' योजनेतून मुंबईचे विमान सुरू झाले, तेही जेमतेम अठरा-एकोणीस माणसांचे. पुढे कंपन्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. आमच्या तारखेला तिथून दिल्लीचे विमान नव्हते. म्हणून गेल्या दिवाळीच्या तोंडावर लेकीकडे दिल्लीला निघालो ते रात्रीच्या बसने मुंबई गाठून, आणि तिथून विमानाने.

आता मुख्य मुद्दा. तिकिटे दोन होती; पण वर्ग एक नव्हता. आमची कन्या नोकरीनिमित्त सारखी विमानाने हिंडते. दुधाच्या रतिबावर खडे मांडावेत तसे विमान कंपन्या प्रत्येक फेरीला काही गुण मांडून ठेवतात. त्या साठलेल्या गुणांतून एकच खुर्ची वरच्या वर्गात नेता येत होती. तिने ती नेली, आणि अर्थातच बाबांच्या नावाने. फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या गुडघ्यांसाठी हं!"

आमचे गुडघे हा घरातला एक मान्यवर विषय आहे. पाहुण्यांना चहाच्या आधी त्यांची बातमी मिळते. आमच्या हिलाही गुडघे आहेत ही गोष्ट मात्र, खरे सांगतो, तोपर्यंत कुणाच्या बोलण्यात आली नव्हती. मी थोडे आढेवेढे घेतले. पण आढेवेढे घेण्याचीही एक पद्धत असते. समोरच्याने आग्रह करावा इतपतच ते घ्यायचे असतात. ही म्हणाली, "तुम्हीच बसा पुढं. मला काय, कुठंही चालतं." गेली चाळीस वर्षे तिला कुठेही चालत आले आहे. एस.टी.त खिडकी माझी, ताटातली पहिली पोळी माझी, पंख्याखालची बाजही माझी. त्यात ही एक खुर्ची वाढली, एवढेच.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. वळकटीसारखी फुगलेली बॅग घेऊन निघालो तो ओट्यावरच्या आजोबांनी विचारलेच, "कोठे चालनात, मास्तर?" मी म्हणालो, "दिल्ली. विमानाने. बिझनेस क्लास." शेवटचे दोन शब्द जरा सावकाश उच्चारले. ते विचार करून म्हणाले, "मास्तरकीत कसला आला बिझनेस?"

प्रश्न वावगा नव्हता. हा वर्ग धंदेवाल्यांसाठी निघाला असे नाव सांगते. पण देशातल्या देशात दोन तासांच्या उड्डाणात त्यात असते काय? मधली वाट सोडून विमानात तीन-तीन खुर्च्यांच्या ओळी असतात, तिथे पुढच्या दोन-तीन ओळींत दोन-दोनच खुर्च्या मांडतात. मागच्या खुर्चीची रुंदी सतरा-अठरा इंच. पुढे हाताला हात लागत नाही आणि पाय सरळ करता येतात. काचेच्या पेल्यातून पाणी, चिनीमातीच्या बशीतून जेवण. मध्ये एक पडदा. विमान तेच, वैमानिक तोच, आणि दिल्लीला पोचण्याची वेळही तीच. पडद्यापुढचा माणूस मागच्याच्या आधी पोचतो तो फार तर दहा पावले. तरीही ओढ अशी की, वर्षानुवर्षे एकाच वर्गाची विमाने चालवणाऱ्या इंडिगोनेसुद्धा २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली-मुंबई मार्गावर रुंद खुर्च्या आणल्या. रेल्वेने तिसरा वर्ग काढून टाकला त्याला अर्धशतक होऊन गेले. माणसाच्या मनातला पहिला वर्ग काही गेला नाही.

पहाटे मुंबईत उतरलो. इथे नवख्या वाचकांसाठी एक सूचना. मुंबईच्या या विमानतळाला दारे दोन आहेत. एक सांताक्रूझच्या बाजूचे, दुसरे सहारचे. परदेशची विमाने सहारहून सुटतात आणि देशातली कुठूनही. तेव्हा टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा वाचावा. आमचे सहारचे, म्हणजे दोन नंबरचे. २०१४ साली उघडलेली ही इमारत पाहून पांढऱ्या मोराने आपला पिसारा छताला उलटा बांधून ठेवला आहे असे वाटते. आत भिंतीच्या भिंती देशभरातल्या जुन्या-नव्या कलावस्तूंनी भरलेल्या. ही म्हणाली, "एवढं बघायला ठेवलंय, आणि सगळे धावतायत."

दारातच जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. १९९९ साली काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला पळवून नेले गेले, त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येत गेली. हल्ली 'डिजीयात्रा' नावाची सोय आहे. यंत्र तोंड पाहून आत सोडते. आम्ही आपले आधारकार्डवाले. आधारकार्डावरचे माझे तोंड मलाच ओळखू येत नाही, तिथे यंत्राला कशाला भरीस घालावे!

सामान देण्याच्या जागी माझ्या वर्गाची खिडकी वेगळी, आणि रांग नाही. तिथे हिलाही माझ्याबरोबर येऊ दिले. पण खिडकीतल्या मुलीने विचारले, "बॅगेत सुकं खोबरं आहे का?" ही चकित. करंज्यांसाठी खोबऱ्याच्या चार वाट्या होत्याच. "हिला कसं कळलं?" मला म्हणाली. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात ते चालत नाही, असे त्या मुलीने समजावून सांगितले. मोबाइलची बॅटरी भरणारा डबाही तसाच. तो मात्र मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवायचा. वाट्या बाहेर आल्या. जवळच फरशी पुसणाऱ्या मावशींच्या हातात त्या ठेवून ही म्हणाली, "दिवाळीला घ्या." माझ्या बिझनेस क्लासातला सर्वांत मोठा व्यवहार तिने केला.

झडतीला पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. त्यांची तपासणी पडद्याआड होते. माझ्या खिशातले सारे काढून ठेवायचे होते. मोबाइल मी हिच्या पर्सला दिला, तो तिथेच राहिला. यातून पुढचे रामायण घडले.

झडती आटोपल्यावर वरच्या वर्गाच्या प्रवाशांचे विश्रामगृह दिसले. दारातल्या गृहस्थाने माझा कागद पाहून मान लववली आणि हिचा पाहून दोन्ही हात जोडले. अर्थ एकच : तुम्ही या, त्या नकोत. नियमच तो, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? ही म्हणाली, "जाऊन तर या. बघून या आत काय काय असतं ते. मी बसते इथं सामानापाशी."

मी बघायला गेलो. पाच मिनिटांसाठी. आत मऊ कोच होते, पोहे होते, इडली होती, कापलेली पपई होती, वर्तमानपत्रे होती. प्रत्येकातले थोडे थोडे बघता बघता किती वेळ गेला ते कळले नाही. आगगाडीच्या फलाटावर वाढलेल्या माणसाची समजूत अशी की, गाडी लागली की कुणीतरी ओरडेलच. पण हल्ली पुष्कळ विमानतळांवर ओरडत नाहीत. फळ्यावर अक्षरे बदलतात, ज्याने त्याने वाचायची.

ती हिने वाचली. फळ्यावर आमच्या विमानाचे दार बदलले होते आणि माणसे आत सोडायला सुरुवात झाली होती. मला कळवावे तर मोबाइल तिच्याच पर्समध्ये वाजणार! आत यावे तर तिला मज्जाव. धुळ्याबाहेर कधी एकटीने बँकेतही न गेलेली ही बाई त्या दारातल्या गृहस्थापुढे उभी राहिली आणि हिंदीत म्हणाली, "अंदर हमारे मिस्टर हैं. सफेद शर्ट. खा रहे होंगे." त्या वर्णनावरून मी ताबडतोब सापडलो.

बाहेर आलो. तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा तसाच बंद. "तू खाल्लं नाहीस?" "तुम्ही यायचे होतात ना!" माझ्या मिशीला इडलीची चटणी होती.

मग आम्ही चालू लागलो. विमानाचे दार उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते आणि त्या इमारतीत एका टोकाचे दुसरे टोक दिसत नाही. सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवायला ती धजेना. मी पुढे, ती मागे, नेहमीप्रमाणे. एकदा वळून पाहिले तर ती भिंतीला हात लावून उभी. उजवा पाय उचलून टाकत होती. आजचा नव्हता तो. पुष्कळ दिवसांचा मुरलेला होता. चाळीस वर्षे मी पुढे चालत आलो, मग तिची चाल मला दिसणार कशी?

"कधीपासून दुखतोय?"

"दुखतो हो असाच. चला, विमान जाईल."

दार गाठले. विमानात शिरताच हवाईसुंदरीला म्हणालो, "माझी खुर्ची हिला द्या, हिची मला." तिने दोघांची नावे पाहिली, विचारून आली आणि म्हणाली की, तुम्हा दोघांची संमती असेल तर बसा. अडचण संमतीचीच होती. "अहो, तुमच्या नावाची खुर्ची! लोक काय म्हणतील?" मी सगळ्या विमानावरून नजर फिरवली. धुळ्याचे कुणी नव्हते. मागे रांग खोळंबली तेव्हा कुठे ती बसली. तीही कडेवर, पाहुण्याच्या घरी बसतात तशी.

मी मागे बाविसाव्या ओळीत, मधल्या खुर्चीत. डावीकडे एक पैलवान, उजवीकडे एक झोपाळू तरुण, गुडघे पुढच्या खुर्चीत रुतलेले. विमान वर गेले आणि पडदा ओढला गेला. आत काय चालले असेल? तिला तो काटा-चमचा जमेल का? पाणी मागेल का? कधी काही मागितलेले तर आठवत नाही. दोन तास मी त्या पडद्याकडे पाहत होतो. पलीकडच्या माणसाची काळजी करीत बसणे काय असते, हे त्या मधल्या खुर्चीत कळले. ती खुर्ची तिची रोजची होती.

दिल्लीला उतरलो तेव्हा ती पुलाच्या तोंडाशी माझी वाट पाहत उभी होती. मी अधीरतेने विचारले, "काय काय दिलं? कसं होतं जेवण?"

"नाही हो जेवले," ती म्हणाली. "त्या मुलीनं पाय लांब करायला सांगितलं, अंगावर पांघरूण घातलं. मी झोपले ते थेट दिल्ली. कुणी उठवलंच नाही."

लेकीच्या घरी जाऊन आम्ही दशम्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी लेक हिला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परतीची दोन्ही तिकिटे मागच्या वर्गाची होती. खिडकी तिची, मधली खुर्ची माझी.