तीन आठवड्यांची सेवा



आपल्या व्यापारी घराण्यांतील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी आयर्लंड, इटली, इंग्लंड, अमेरिका या देशांत जातात. तेथील कित्येक महाविद्यालये कॅथलिक धर्मसंघांनी स्थापन केलेली आहेत. सुट्टी जवळ आली की अशा ठिकाणी आवाहन होते : आफ्रिकेतील एखाद्या महानगराच्या झोपडवस्तीत मिशनच्या शाळेत वा दवाखान्यात दोन-तीन आठवडे सेवा करू इच्छिणारे विद्यार्थी पुढे यावेत. मुलांचे मन द्रवते आणि घरी विचारणा होते. मग आजोबांना धर्मांतराची शंका येते, आईला आहाराची आणि रोगराईची चिंता लागते, वडिलांपुढे खर्चाचा आकडा उभा राहतो. या सर्व शंका रास्त आहेत. परंतु एक शंका बहुधा कोणीच काढत नाही : ज्यांची सेवा करायची, त्यांना या तीन आठवड्यांतून नेमके काय मिळते?

आपल्या परंपरेत या प्रश्नाची कसोटी तयार आहे. दानाच्या फलात कमी-अधिकपणा कशाने येतो हे सांगताना आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाच्या अखेरीस चार गोष्टी मोजल्या आहेत : दानाचा विधी, दिले जाणारे द्रव्य, देणारा दाता आणि घेणारे पात्र. तेथे पात्र म्हणून मुख्यतः संयमी साधू अभिप्रेत आहेत, आणि दीनदुःखितांना आपण देतो ते करुणादान, हा भेद जाणकारांना ठाऊक आहेच. तथापि करुणेने केलेल्या श्रमदानालाही या चार कसोट्या लावण्यास प्रत्यवाय नसावा. मात्र येथे आपण घेणाऱ्यापासून आरंभ करू.

उदाहरणादाखल नैरोबी घेऊ. हे शहर आपल्याला परके नाही. जामनगरच्या हालार भागातील विसा ओसवाल बांधव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केनियात व्यापारासाठी स्थिरावले. त्यांच्या शाळा, सभागृहे आणि जिनालये तेथे नांदत आहेत. याच नैरोबीत किबेरा, मथारे, मुकुरू, कोरोगोचो या दाट वस्त्या आहेत. किबेराविषयी बाहेरच्या जगात दीर्घकाळ सांगितले गेले की तेथे दहा लाख माणसे राहतात. २००९ च्या केनियाच्या जनगणनेत तो आकडा सुमारे एक लाख सत्तर हजार निघाला. जनगणनेवर वाद झाला, हे खरे. पण दूरचा सहानुभूतिदार गरिबीचे चित्र किती सहज फुगवतो, हे त्यातून दिसले.

त्या वस्तीतील माणूस हात पसरून बसलेला नसतो. दहा फूट लांब-रुंद पत्र्याच्या खोलीचे तो दरमहा भाडे भरतो. नळ नसल्याने पाणी डब्याच्या हिशेबाने विकत घेतो, आणि श्रीमंत वस्तीतील नळधारकापेक्षा त्याच पाण्याला अधिक दाम मोजतो. कोणी शिवणयंत्र चालवतो, कोणी भाजी विकतो, कोणी उघड्यावर पत्रा ठोकून चुली आणि पेट्या घडवतो. अशा कारागिरीला तेथे ‘जुआ काली’ म्हणतात. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ कडक ऊन. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी डोक्यावर गाठोडे घेऊन गावोगाव फेरी केली, त्या घरांतील मुलांनी या माणसांना दयेचा विषय मानण्यापूर्वी उद्यमाचे सोबती म्हणून ओळखावे.

आता दात्याकडे वळू. कॅथलिक परंपरेत सेवेची खरी मोजणी आठवड्यांनी होत नाही. इटलीचे कॉम्बोनी संघाचे धर्मगुरू फादर अलेक्स झानोतेल्ली हे दशकाहून अधिक काळ कोरोगोचोत, तेथल्याच झोपडीत राहिले. शेजारीच दांडोराचे प्रचंड कचरा-मैदान आहे. त्या कचऱ्यावर पोट भरणाऱ्यांच्या संघटनेला त्यांनी बळ दिले. आयर्लंडच्या सिस्टर मेरी किलीन यांनी १९८५ च्या सुमारास मुकुरूत मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले आणि पुढे दशकानुदशके त्याच वस्तीसाठी वेचली. मदर तेरेसांच्या संघातील भगिनी तर गरिबांतील गरिबांच्या निःशुल्क सेवेचे स्वतंत्र व्रतच घेतात.

कॉम्बोनी संघाचे संस्थापक डॅनियल कॉम्बोनी यांची कथा येथे बोधक आहे. १८५७ साली ते सुदानकडे निघाले. सोबतचे तरुण धर्मगुरू तापाने एकामागून एक मृत्यू पावले. १८६४ मध्ये त्यांनी जी योजना मांडली तिचा गाभा असा होता की आफ्रिकेचे उत्थान आफ्रिकेच्याच माणसांकडून व्हावे. बाहेरच्याने त्यांना शिकवून सिद्ध करावे. दीडशे वर्षांपूर्वी एका मिशनऱ्याला जे उमगले, ते आजही लागू आहे. शाळा चालते ती तेथील केनियन शिक्षकांच्या बळावर, पाहुण्यांच्या बळावर नव्हे.

आपल्या पेढीवर एखादा अनोळखी मुलगा तीन आठवड्यांसाठी आला तर आपण त्याला गल्ल्याची किल्ली देत नाही. मग भाषा न जाणणाऱ्या, अध्यापनाचे शिक्षण नसलेल्या पाहुण्याच्या हाती चाळीस मुलांचा वर्ग का द्यावा? याचा अर्थ अल्पकाळाचा दाता निरुपयोगी, असा नाही. तो ज्याच्या हाताखाली काम करतो तो कायमचा असला पाहिजे, आणि काय करायचे हे त्या कायमच्या माणसाने ठरवले पाहिजे.

तिसरी कसोटी द्रव्याची. श्रमदानात द्रव्य म्हणजे आपले कौशल्य. पंढरपूरला जन्मलेले अमेरिकावासी शल्यचिकित्सक डॉ. शरदकुमार दीक्षित हेही काही काळापुरतेच भारतात येत. भारतीय जैन संघटनेने भरवलेल्या शिबिरांत त्यांनी दुभंगलेल्या ओठांच्या आणि व्यंग असलेल्या असंख्य रुग्णांवर विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या. मुक्काम थोडा, पण हातातील विद्या दुर्मीळ. आणि रुग्ण शोधण्याचे, पुढची काळजी घेण्याचे काम स्थानिक कार्यकर्ते करीत. १९७५ साली जयपूरला स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समितीही आफ्रिकेतील अनेक देशांत कृत्रिम पायांची शिबिरे घेते. कारागीर परततात, पाय मिळालेला माणूस चालू लागलेला असतो.

याउलट भिंती रंगवणे, विटा वाहणे ही कामे तेथील बेरोजगार तरुण अधिक चांगली करतो, आणि त्याला त्याची मजुरीही हवी असते. पाहुण्याचे विमानभाडे, विमा, लसी आणि निवास यांवर जी रक्कम खर्च होते तीत वस्तीतील एका शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार निघतो. हा हिशेब प्रत्येक घराने कागदावर मांडून पाहावा. ज्याच्याजवळ परिचर्येचे, लेखापालनाचे, संगणकदुरुस्तीचे किंवा दंतवैद्यकाचे ज्ञान आहे, त्याचे जाणे वेगळे. मुकुरूतील शाळेची जमाखर्चाची वही नीट लावून देणे आणि ती लावायला तेथील कारकुनाला शिकवणे, हे आपल्या मुलांना सहज जमणारे द्रव्य आहे.

चौथी कसोटी विधीची. १९६८ मध्ये इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर कठोर भाषण केले. पाहायला या, शिकायला या. पण उपकार करण्याच्या भावनेने येऊ नका, असा त्याचा आशय होता. शब्द तिखट होते, पण रोख दात्याच्या अहंकारावर होता. आपल्या भाषेत सांगायचे तर दानासोबत मानकषाय आला की दान मलिन होते. झोपडीच्या दारातील मुलाचे छायाचित्र त्याच्या आईला न विचारता काढून मित्रमंडळींत फिरवणे, हा त्याच कषायाचा आजचा अवतार होय.

अनाथालयांबाबत तर विशेष सावध राहावे. जगभर अनाथ म्हणवल्या जाणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. दारिद्र्यामुळे त्यांना संस्थेत ठेवलेले असते. दर महिन्याला नवा ताई-दादा येतो, मुले जीव लावतात, आणि तो निघून जातो. या वारंवारच्या विरहाने कोवळ्या मनावर आघात होतो. पाहुणे आणि देणग्या मिळाव्यात म्हणून मुले संस्थेत आणली गेल्याचेही अनेक देशांत उघड झाले आहे. २०१७ मध्ये केनिया सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतील स्वयंसेवेपासून होणाऱ्या हानीची दखल आपल्या ठरावात घेतली. ज्या दानाने बालकाला दुःख होते त्यास करुणादान कसे म्हणावे?

आता घरातील वडीलधाऱ्यांच्या शंका. मिशनच्या घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असते. अन्यधर्मीय पाहुण्याने तीत सहभागी होणे सक्तीचे आहे का, हे आधीच पत्राने विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. जी मुलगी आपले सामायिक आणि णमोकार सोबत नेते, तिला दुसऱ्याची श्रद्धा जवळून पाहण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. अनेकान्ताचा तो प्रत्यक्ष पाठच होय. मात्र आपण ज्या घराचे मीठ खातो त्याच्या श्रद्धेची थट्टा करू नये.

आहाराचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. गरीब केनियन घराचे रोजचे अन्न म्हणजे उगाली, अर्थात मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत ‘सुकुमा विकी’ ही पालेभाजी. या नावाचा अर्थच आठवडा रेटणे, म्हणजे तुटपुंज्या पैशांत सात दिवस ढकलणे. मका आणि घेवड्याचे दाणे शिजवलेली गिथेरीही शाकाहारी असते. कांदा मात्र बहुधा असतोच, म्हणून नियम असणाऱ्याने तशी सूचना अगोदर द्यावी. प्रकृतीविषयी सांगायचे तर नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हिवतापाचा धोका सखल भागांपेक्षा कमी असतो. पीतज्वराची लस मात्र प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी; तिचे प्रमाणपत्र नसल्यास तिकडून भारतात परतताना अडचण येते.

तेव्हा संमती देण्यापूर्वी यजमान संस्थेला पुढील प्रश्न विचारावेत. या वस्तीत आपण किती वर्षे आहात? हे काम स्थानिक लोकांनी मागितले आहे का? आमचा मुलगा आला नाही तर ते काम कोण करील? मुलांशी संबंध येणाऱ्या पाहुण्यांची आपण कोणती चौकशी करता? जमा झालेल्या रकमेपैकी वस्तीत किती पोहोचते? जी संस्था मोकळेपणाने उत्तरे देते तिच्याकडे जाण्यास हरकत नसावी. जी केवळ छायाचित्रे पाठवते तिला नम्र नकार द्यावा.

जाण्याचे ठरले तर शिकणारा म्हणून जावे, स्वाहिलीचे शंभर शब्द पाठ करून जावे. आणि परतल्यावर एक संकल्प करावा : ज्या शाळेत तीन आठवडे राहिलो तिच्या एका विद्यार्थ्याची माध्यमिक शिक्षणाची चार-पाच वर्षे आपल्या पेढीने संस्थेमार्फत, नाव न गाजवता, सांभाळायची. दिवाळीत वहीपूजन करून नवी खातेवही उघडतो, त्याच वेळी ही रक्कम पहिल्या पानावर लिहून ठेवावी.