बाटली मागण्याआधी हिमोग्लोबिन पाहा

धुळ्यात किंवा जळगावात खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की नातेवाइकांच्या मागे बहुधा एकच धोशा लागतो, दोन बाटल्या रक्ताची सोय करा! मग शेतमजूर बाप बदली रक्तदाता शोधत वणवण फिरतो. पण रुग्णाच्या अंगात मुळात रक्त किती होते आणि दोन महिने आधी ते कोणी तपासले होते काय, हे आम्ही विचारतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात राबलेली आमची बाई गुडघे झिजून ऑपरेशनला येते ती बऱ्याचदा याच अवस्थेत. सांधा बदलताना आणि नंतर लिटरभर रक्त जाऊ शकते. हिमोग्लोबिन बारा हवे, ते नऊ असताना टेबलावर घेतले तर बाटली लागण्याचीच शक्यता जास्त. लोहाच्या गोळ्यांना सहा-आठ आठवडे लागतात, शिरेतून लोह दिले तर तीन-चार आठवड्यांत फरक पडतो. (गोळीबरोबर चहा नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. हे साधे वाक्य केसपेपरवर कोण लिहितो?) म्हणजे तपासणी तारीख देतानाच व्हायला हवी, भरतीच्या आदल्या दिवशी नव्हे. पडून मोडलेल्या खुब्याला मात्र थांबता येत नाही. तिथे रक्त तयारच पाहिजे.

खानदेशात आणखी एक गोष्ट आहे. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल समाजात सिकलसेल आहे, विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही आहे. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरते आणि ऐन पंचविशीतल्या पोराला म्हाताऱ्याचे ऑपरेशन लागते. त्याला डोळे झाकून लोह देऊन चालत नाही. वारंवार रक्त घेतलेल्याच्या अंगात लोह आधीच साठलेले असते. त्याची आधी सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी झालीच पाहिजे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतले आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी कॉमन कॉज खटल्यात पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने बदली दात्याची पद्धतही टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितली. कारण उघड आहे. ज्याला नातेवाईक मिळत नाही तो गरीब शेवटी दलालाच्या दारात जातो, आणि बंद केलेला धंदा मागच्या दाराने परत येतो.

आता आपल्याकडे वळू. १४ एप्रिलला ठिकठिकाणी आपली रक्तदान शिबिरे होतात, अभिमानाची गोष्ट आहे. पण लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. मे संपता संपता ते रक्त बाद होते, आणि कॉलेजे बंद असल्याने त्याच उन्हाळ्यात टंचाई असते. तेव्हा एका दिवशी शंभर पिशव्या देण्यापेक्षा वीस-वीसच्या पाच खेपा कराव्यात, एक तरी मेअखेरीस.

शिबिरात साडेबाराच्या खाली हिमोग्लोबिन निघालेल्या भगिनींना आपण बिस्किटाचा पुडा देऊन घरी पाठवतो. त्यांची नावे वहीत लिहा, गोळ्या मिळतात का ते पाहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून तपासा.