तीन अधिक तीन बरोबर सहा?

आमच्या घरात एक भांडण १९ वर्षं सुरू आहे. विषय प्रॉपर्टी नाही, कोणाचं लग्नही नाही. विषय आहे एक प्रोसेसर. हसू नका, आमच्याकडे गणपतीच्या जेवणाला पण हा विषय निघतो.

झालं असं की, २००६च्या दिवाळीत बाबा आणि मामा डोंबिवलीहून लोकल पकडून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. बाबांच्या खिशात बोनस होता आणि डोक्यात एकच गोष्ट, पोरीला कॉम्प्युटर घ्यायचा. (पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला माऊस म्हणजे खराखुरा उंदीर हवा होता.) दुकानदार म्हणाला, ‘साहेब, ही पेंटियम डी घ्या. ड्युअल कोअर आहे. एका कोअरला तीन गिगाहर्ट्झ, कोअर दोन, म्हणजे झाले सहा!’ बाबा हिशेबाला पक्के. तीन अधिक तीन सहा, यात खोट ती काय असणार? पण मामा अडून बसला. त्याने घ्यायला लावला कोअर टू ड्युओ ई६३००. स्पीड किती, तर १.८६ गिगाहर्ट्झ. वर त्याचे पैसे जास्त! मेव्हण्याने आपल्याला फसवलं, असं बाबांचं आजही ठाम मत आहे.

हे तुम्हाला का सांगतेय? कारण तुमच्यापैकी अर्धे जण आत्ता लॅपटॉप बघत फिरत असणार. मी पण फिरतेय. आणि ते तीन अधिक तीनचं गणित अजून दुकानात तसंच विकलं जातंय, फक्त आकडे बदललेत.

आधी जुनं प्रकरण समजून घेऊ. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. पण एका ठोक्यात काम किती होतं, हे खोक्यावर छापलेलं नसतं. आणि खरी मेख तिथेच आहे. पेंटियम ४च्या काळात इंटेलने सगळा जोर ठोके वाढवण्यावर लावला. त्यासाठी प्रत्येक कामाचे बारीक बारीक तुकडे केले. २००४च्या पेंटियम ४मध्ये एका सूचनेला ३१ टप्प्यांतून जावं लागायचं. लग्नाच्या पंगतीत ३१ जण रांगेत उभे राहून हातोहात ताट पुढे सरकवतायत, असं समजा. ताटं झपाझप निघतात, दिसायला भारी दिसतं. पण मध्येच कळलं की पाहुण्याला जिलेबी नको, श्रीखंड हवंय, की अख्खी रांग रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रोसेसरचा पुढचा अंदाज चुकला की नेमकं हेच होतं.

शिवाय ठोके वाढवायचे तर वीज जास्त, वीज जास्त म्हणजे उष्णता जास्त. शेवटी २००४च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्दच केला आणि तेव्हाचे सीईओ क्रेग बॅरेट एका परिषदेत स्टेजवर चक्क गुडघ्यावर बसले. माफीचा तो प्रकार गमतीत होता, पण त्यामागची अडचण खरी होती. एक कोअर आणखी पळवता येत नाही, तर दोन कोअर देऊ, हा मार्ग त्यातून पुढे आला.

२००५च्या मे महिन्यात पेंटियम डी बाजारात आला. २.८, ३ आणि ३.२ गिगाहर्ट्झ, प्रत्येक कोअरला एक एमबी कॅश. आता यातला लोच्या बघा. दोन्ही कोअर शेजारी शेजारी होते, पण एकमेकांशी बोलायचं तर निरोप बाहेरच्या बसवरून फिरून यायचा. एकाच वाड्यात दोन भाऊ राहतात, मधल्या भिंतीला दार नाही, म्हणून वाटीभर साखर मागायला रस्त्यावरून वळसा घालून जायचं. आणि त्याच रस्त्यावर मेमरीकडे जाणारी सगळी वाहतूक. वर त्यातलं तीन गिगाहर्ट्झचं पहिलं मॉडेल, ८३०, तब्बल १३० वॅटच्या वर्गातलं. त्याच मे महिन्यात एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ आणला. त्यात भिंतीला आतून दार होतं आणि मेमरीचा कंट्रोलरही चिपमध्येच. २.२ गिगाहर्ट्झचा एक्स२ तेव्हाच्या बहुतेक चाचण्यांत ३.२वाल्या पेंटियम डीच्या पुढे असायचा.

पेंटियम डीला नुसत्या शिव्या घालणं मात्र मला पटत नाही. सुरुवातीला सगळ्यात स्वस्त एक्स२ ५३७ डॉलरला होता आणि सगळ्यात स्वस्त पेंटियम डी २४१ डॉलरला. ड्युअल कोअर सामान्य माणसाच्या टेबलावर आणण्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. एएमडी पण काही साधी नव्हती म्हणा. दोन गिगाहर्ट्झच्या चिपला ‘३८००+’ असं नाव दिलं की गिऱ्हाईक काय वाचणार, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच!

मग २७ जुलै २००६ला कोअर टू ड्युओ आला. मामाचा हट्ट ज्यासाठी होता तो. ३१ टप्प्यांऐवजी १४. एका ठोक्यात चार सूचना हाताळायची तयारी. दोन्ही कोअरची कॅश सामाईक, म्हणजे वाड्याला एकच मोठं स्वयंपाकघर. आणि हे सगळं ६५ वॅटच्या वर्गात. म्हणून १.८६वाला ई६३०० तीन गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीला जवळपास प्रत्येक कामात मागे टाकत होता. ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्याला काम जास्त. पेंटियम डीच्या किमती त्याच सुमारास उतरल्या होत्या. दुकानदार तो एवढ्या प्रेमाने का पुढे करत होता, ते आता कळलं असेल.

आणि ते ‘सहा गिगाहर्ट्झ’? ते कधीच नव्हतं. दोन आचारी ठेवले म्हणून एक पुरणपोळी अर्ध्या वेळात भाजून होत नाही. शंभर पोळ्या असतील आणि त्या दोघांत वाटता आल्या, तरच फायदा. तेव्हाचे बरेचसे गेम आणि प्रोग्रॅम तर एकाच कोअरवर चालायचे. दुसरा आचारी निवांत ओट्याला टेकून उभा.

आता या २०२५मध्ये. मला व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप हवाय, बाबांनी पैसे बाजूला काढलेत. गेल्या शनिवारी एका मोठ्या दुकानात गेलो. सेल्समन म्हणाला, ‘आय५ कशाला मॅडम, आय७ घ्या, सात आहे ना!’ बाबांचे डोळे चमकले. मी खाली चिकटवलेलं पूर्ण नाव वाचलं. आय७-१३५५यू. १० कोअर, त्यात दोनच मोठे, आणि वर्ग १५ वॅटचा. शेजारी ठेवलेला आय५-१३५००एच. १२ कोअर, चार मोठे, ४५ वॅटचा. अर्धा तास व्हिडिओ रेंडर करायचा असेल, तर पाच हा सातच्या पुढे असतो. प्रवासात बॅटरी टिकवायची असेल, तर तोच यूवाला सात योग्य. पण हे कोण सांगतं? एएमडीकडे तर त्याहून गंमत. रायझन ५ ७५२०यू. नाव ७०००च्या मालिकेतलं, आतली रचना २०१९मध्ये आलेली झेन २. तिसरा आकडा वाचला की कळतं, पण तिसरा आकडा वाचायचा असतो हे कळलं तर ना!

‘सगळ्यांनी काय इंजिनीअर व्हायचं का?’ असं माझी मैत्रीण म्हणाली. नाही. मी स्वतः मास कॉमची. मला ट्रान्झिस्टर सोल्डर करता येत नाही. पण भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतोच ना? मग साठ-सत्तर हजार मोजताना सेल्समनने सांगितलेला एकच अंक घेऊन घरी का यायचं? माझं म्हणणं असं की, किमतीच्या पाटीवर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि वॅट ठळक लिहिणं दुकानांना सक्तीचं करावं. पंख्यावर तारे असतातच की. तोवर तुम्ही पूर्ण नाव विचारा, लिहून घ्या, आणि तुमचं स्वतःचं काम त्या मशीनवर दहा-पंधरा मिनिटं चालवून दाखवा म्हणा. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच हुशार असतात. तापल्यावर कोण किती टिकतो ते बघायचं. दुकानदार तोंड वाकडं करतील, करू देत.

माझा कॉलेजच्या डॉक्युमेंटरीचा १२ मिनिटांचा प्रोजेक्ट मी पेनड्राइव्हवर घेतलाय. या शनिवारी पुन्हा जाणार आहोत. मामालाही बोलावलंय. बाबांनी सकाळी फक्त एवढंच विचारलं, ‘तो पाचवाला सातपेक्षा स्वस्त तरी आहे ना?’