वाढत्या अंगाची स्कूटर

मैत्रिणींनो, स्कूटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे 'ह्यांची' पेट्रोल पिणारी स्कूटर उभी राहिली असेल! पण मी सांगतेय ती लहान मुलांची, एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्याने जमीन रेटत पळवायची. हल्ली संध्याकाळी कॉलनीत पाहावं, तर दर दोन घरांआड एक अशी स्कूटर खडखडत असते. मग आपल्याही घरी हट्ट सुरू होतो आणि वाढदिवस जवळ आला की आपण दुकानात जाऊन उभ्या राहतो.

मीही अशीच उभी राहिले होते. चिरंजीव तेव्हा साडेतीन वर्षांचे. दुकानात दोन प्रकार होते. एक बुटकी, तीन चाकांची. दुसरी उंच, चकचकीत, दोन चाकांची. आपला संसारी हिशेब तुम्हाला ठाऊकच आहे. बुटकी दोन वर्षांत लहान होणार, म्हणजे पुन्हा खर्च. मोठी घेतली तर चांगली दुसरी-तिसरीपर्यंत पुरेल. दुकानदारही म्हणाला, "घ्या ताई, वाढतं अंग आहे." घेतली.

हँडल पोराच्या हनुवटीला लागत होतं. तिसऱ्याच दिवशी तो फाटकापाशी पडला आणि हँडलची मूठ हनुवटीवर बसली. दोन टाके पडले. टाके आठवड्यात निघाले, पण त्याने पुन्हा स्कूटरला हात लावला नाही. शेजारची मुलं भुर्रकन जायची आणि हा पायरीवर बसून बघायचा. घरात सगळे म्हणायचे, "जरा घाबरटच आहे हो!" मीही म्हणायचे. त्याच्यादेखत म्हणायचे, हे आज लिहितानाही मनाला लागतं.

शेवटी एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, सदरा वाढत्या अंगाचा शिवतात. चप्पल कधी वाढत्या पायाची घेतात का? पोर अडखळणारच." मी गप्पच झाले. बालवर्गाला मी अर्धा दिवस शिकवते. मापापेक्षा मोठे बूट घातलेली मुलं धावताना पडतात आणि आपण त्यांनाच वेंधळी म्हणतो, हे रोज पाहत होते. घरात मात्र दिसलं नव्हतं. स्कूटर माळ्यावर गेली.

यंदा धाकटीला तीन वर्षं पूर्ण झाली, आणि तिच्यासाठी स्कूटर घ्यायची वेळ आली. या खेपेला काय काय पाहिलं, ते सांगते.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तीन चाकांचीच बरी. पुढे दोन, मागे एक. ती आपली आपण उभी राहते, त्यामुळे मुलाला तोल आणि रेटा एकदम सांभाळावा लागत नाही. दोन चाकं पाच-सहा वर्षांनंतर, तोल जमू लागल्यावर.

मग उंची. मुलाला फळीवर ताठ उभं करा. हँडलच्या मुठी कमरेच्या वर आणि छातीच्या खाली आल्या पाहिजेत. हँडल वर-खाली करता येणारी घ्या. वाढत्या अंगाची सोय एवढीच पुरे! म्हणूनच वाढदिवसाची गंमत राहिली नाही तरी चालेल, पण मुलाला दुकानात बरोबर न्या.

फळी रुंद, खरखरीत आणि जमिनीला जवळ असावी. फळी उंच असली की प्रत्येक रेट्याला उभ्या पायाचा गुडघा वाकवावा लागतो आणि पोर लवकर दमतं. वजनही बघा. मुलाला ती स्वतः उचलून दोन पायऱ्या चढवता आली पाहिजे. नाही तर रोज ती तुमच्याच हातात येणार, बरं का! कडक प्लॅस्टिकची चाकं फार खडखडतात आणि गुळगुळीत फरशीवर घसरतात. 'पीयू' म्हणून मिळतात ती चाकं जमीन चांगली धरतात. घडीची असेल तर खिटी घट्ट बसते ना, बोटं चिमटत नाहीत ना, हे आपल्या हाताने करून पाहा.

आय.एस.आय. चिन्ह शोधायला विसरू नका. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ते सक्तीचं आहे.

त्याच फेरीत हेल्मेट घ्या, तेही आजच्या डोक्याच्या मापाचं. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, आणि पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतकंच. पायात बंद बूट हवेत, सपाता नकोत. लांब झगा किंवा ओढणीही नको.

कुठे चालवतात, तेही महत्त्वाचं. चाकं छोटी असल्यामुळे सिमेंटच्या ठोकळ्यांच्या फटीत नाही तर बारीक खडीवर अडकतात आणि मूल पुढे फेकलं जातं. ओली फरशी, उतार आणि गाड्यांच्या येण्याजाण्याचं फाटक वर्ज्य. मागच्या चाकावरचा ब्रेक टाचेने दाबायचा असतो. तो पहिल्याच दिवशी शिकवा, कारण पळवायला कुणाला शिकवावं लागत नाही, थांबायला लागतं! रेटायचा पाय मधूनमधून बदलायला लावा. आणि आठ वर्षांपर्यंत मोठं माणूस जवळ हवंच. आपण भाजी निवडत पायरीवर बसलो, तरी नजर तिकडेच हवी.

धाकटी आता मजेत फिरते. परवा चिरंजीवांनी आपणहून माळ्याकडे बोट दाखवलं. ते आता सात वर्षांचे झालेत. ह्यांनी स्कूटर काढून पुसली, नटबोल्ट आवळले. पोरगा वर उभा राहिला, तर मुठी बरोबर छातीखाली! फाटकापर्यंत गेला, वळला, परत आला आणि म्हणाला, "आई, तेव्हा हँडलच मोठं होतं गं."

"हो रे," मी म्हटलं, "हँडलच मोठं होतं. माझंच चुकलं." इतकं सांगायला मला साडेतीन वर्षं लागली. तुमच्या घरी कुणी 'घाबरट' पायरीवर बसलेलं असेल, तर आधी त्याच्या वस्तूचं माप घेऊन पाहा.