मोठा ॲटलास घेऊ नकोस रे बाबा!

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पोरीला ताऱ्यांचा ॲटलास घ्यायचाय. सगळ्यात मोठा कुठला?" मी म्हटलं, मोठाच कशाला? तर म्हणे, "एकदाच घ्यायचा तर दणदणीत घेऊ ना. नाहीतर मग मोबाईलवर ॲप आहेच की, फुकट."

झालं! दोन वाक्यांत दोन्ही चुका. मी अर्धा तास बोललो, त्याने "हो मामा, हो मामा" केलं आणि ठेवताना पुन्हा विचारलं, "मग मोठा मागवू ना?" म्हणून आता लिहूनच काढतोय. ताई, तू वाचशीलच, त्याला वाचून दाखव. बाकी मंडळींनीही वाचायला हरकत नाही, कारण हा रोग एकट्या भाच्याला नाही.

आधी आकडे बघू. अगदी काळ्याकुट्ट आकाशात नुसत्या डोळ्यांनी सहाव्या, फार तर साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. (प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद, हे उलटं गणित लक्षात ठेवायचं.) साऱ्या आकाशात मिळून असे तारे सुमारे ९ हजार. १९१० साली पहिल्यांदा निघालेला 'नॉर्टन्स स्टार ॲटलास' आताच्या आवृत्त्यांत इथपर्यंत जातो. २००६ साली आलेला रॉजर सिनॉट यांचा 'पॉकेट स्काय ॲटलास' ७.६ प्रतीपर्यंत जातो, त्यात ३०,७९६ तारे, ८० नकाशे. विल तिरिओन यांच्या 'स्काय ॲटलास २०००' च्या दुसऱ्या आवृत्तीत ८.५ प्रतीपर्यंतचे ८१ हजार. 'उरानोमेट्रिया' पावणेदहापर्यंत, म्हणजे २ लाख ८० हजार. आणि १९९७ सालचा 'मिलेनियम स्टार ॲटलास' तर तीन खंड, १,५४८ नकाशे, दहा लाखांवर तारे! एकेक प्रत खाली उतरलं की तारे साधारण तिप्पट होतात. आता दहा वर्षांच्या पोरीने यातलं काय घेऊन गच्चीवर जायचं, सांगा.

हे मी पुस्तकी बोलत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मीही हाच शहाणपणा केला होता. पगारवाढ झाली होती, हौस दांडगी, 'उरानोमेट्रिया'चे नकाशांचे दोन्ही खंड मागवले. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असं जोरात होतं की गावातूनही आकाशगंगा दिसायची. भाचा दिवाळीच्या सुटीत आला होता, बारा वर्षांचा. त्याला शेतातल्या आखाड्यावर नेलं, सतरंजीवर ते धूड उघडलं आणि म्हटलं, मृग शोध. मृग! जे आपल्याकडे शेळ्या वळणाऱ्या पोरालाही दाखवता येतं. पण त्या ॲटलासमध्ये मृग नक्षत्र एका पानावर मावतच नाही. इकडे खांदा, तिकडे पाय, मधे ठिपक्यांचा मुरमुरा सांडलेला. पोरगं पंधरा मिनिटं पानं उलटत राहिलं, मग म्हणालं, "मामा, थंडी वाजतेय, घरी जाऊ." पुढे त्याने कधी आकाशाचं नाव काढलं नाही.

त्याला हे आठवत नाही. मला आठवतं.

तेव्हा 'चांगला म्हणजे मोठा' हे माझ्यापुढे बोलायचं नाही. मोठा ॲटलास वाईट नाही. आठ-दहा इंची दुर्बीण असेल, एखादी मंद दीर्घिका शोधायची असेल, तर त्याच्यावाचून अडतं. पण पहिला ॲटलास डोळ्यांच्या आणि दहा बाय पन्नासच्या द्विनेत्रीच्या मापाचा हवा. साडेसहा ते साडेसात प्रत, बास. नकाशात आकाशातला प्रत्येक तारा नसला तरी चालतो, वाट सापडण्यापुरते असले की झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे आपलं गाव. हिंगोली १९.७ अंश उत्तरेला आहे, लंडन ५१.५ ला. विलायती पुस्तकांत महिन्यामहिन्याचे सुंदर रंगीत नकाशे असतात, पण बहुतेक ४०-५० अंशांवरच्या माणसासाठी. त्यात सप्तर्षी कधी मावळतच नाहीत, आपल्याकडे छान मावळतात. ते पुस्तक घेऊन मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभे राहा. नरतुरंगातला 'ओमेगा सेंटॉरी' हा तारकागुच्छ आपल्या क्षितिजापासून जवळजवळ २३ अंश वर असतो, नुसत्या डोळ्यांना पुसट कापसासारखा दिसतो. लंडनला तो उगवतच नाही, मग त्यांच्या नकाशात कुठून येणार? अगस्त्याचंही तेच. फिरत्या तबकडीचंही तेच, ती आपल्या अक्षांशाचीच पाहिजे. खरा ॲटलास मात्र ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सगळं आकाश देतो, त्याला गावाची अडचण नाही. म्हणून नकाशांचं पुस्तक नव्हे, ॲटलासच घ्यायचा.

(इथल्या दुकानात मी एकदा ताऱ्यांचा ॲटलास मागितला होता. त्यांनी आधी जगाचा नकाशासंग्रह दाखवला आणि मग पंचांग. पंचांगाला हसू नका हं. ॲटलासमध्ये ग्रह छापलेले नसतात आणि चंद्र आज कुठल्या नक्षत्रात आहे हे पंचांग बिनचूक सांगतं.)

आवृत्ती नवीच हवी, हाही एक बाऊ. परांचन गतीमुळे नकाशावरची आडव्या-उभ्या रेघांची जाळी सरकते, पण किती? ७२ वर्षांत अंशभर. ताऱ्यांच्या आपसातल्या जागा आपल्या आयुष्यात हलल्याचं डोळ्यांना कळतही नाही. १९५० ची जाळी असलेला जुना नॉर्टन रद्दीत सापडला तर खुशाल उचला, द्विनेत्रीचं दृश्यक्षेत्रच सहा-साडेसहा अंशांचं असतं.

पारख करायची तर लाल उजेडात करा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून पान बघायचं. लाल शाईने छापलेलं लाल उजेडात दिसत नाही, हे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. पान सपाट उघडं राहतं का, दहिवराने भिजून चिकटतं का, आणि कागदावर पेन्सिल चालते का, तेही बघा. काळ्या पानावर पांढरे तारे दिसतात झकास, पण लिहायचं कुठे?

आता ॲप. ॲपला माझा विरोध आहे असं म्हणतात घरात. नाही. शुक्र कधी मावळणार हे मीही त्यातच बघतो. पण गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. भाच्याची लेक आली होती. पहिल्या रात्री तिने मोबाईल वर धरला, नाव आलं. दुसरीकडे धरला, दुसरं नाव आलं. पाच मिनिटांत पंचवीस नावं, आणि मोबाईल खाली ठेवल्यावर एकही ओळखता येईना. शिवाय त्या उजेडाने डोळे दिपलेले, ते अंधाराला सरावायला परत वीस मिनिटं.

दुसऱ्या रात्री मी धाकटा ॲटलास दिला. हळदीला पाणी द्यायची पाळी रात्रीची होती, म्हणून आखाड्यावरच होतो. बाईसाहेबांनी पान उघडलं आणि फर्मावलं, "आजोबा, हा चुकीचा छापलाय. पूर्व डावीकडे आहे!" मी काही बोललो नाही. पुस्तक हातात उचलून डोक्यावर धरायला सांगितलं, वरचं टोक उत्तरेकडे. तिने धरलं, मान वर करून बघितलं, पूर्वेकडे बघितलं, परत पुस्तकात. "हां! वर बघायचा नकाशा आहे हा!" जमिनीचा नकाशा आपण वरून खाली बघतो, हा खालून वर. शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं.

मग भाद्रपदांचा महाचौकोन. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यापासून देवयानीचे दोन तारे पुढे, तिथे वळून वायव्येकडे दोन मंद तारे, की शेजारी पुसटसा डाग: देवयानी दीर्घिका. दोनदा चुकली. एकदा शर्मिष्ठेतच जाऊन बसली. तिसऱ्यांदा द्विनेत्री तिथे थांबली आणि ती गप्प झाली. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं अंतर वगैरे मी मागाहून सांगितलं, तेव्हा तिचं लक्षच नव्हतं.

आता औंढ्याजवळ लायगो होतेय. केंद्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी मंजूर केले. गावोगाव लोक विचारतात, तिथून तारे दिसतील का हो? नाही दिसणार, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा गुरुत्वीय लहरी मोजणार. तारे बघायला सतरंजीच लागेल. असो.

तर भाच्या, तू काही मागवू नकोस. माझा धाकटा ॲटलास ताईबरोबर पाठवतोय, ती पुढच्या आठवड्यात निघतेय. मृगाच्या पानावर आजीचं 'तिकांडं' आणि सप्तर्षींवर 'खाटलं' पेन्सिलीने लिहिलेलं आहे, ते खोडायचं नाही. देवयानीच्या पानावर तुझ्या लेकीने तारीख घातली आहे. आणि मोठे दोन खंड माळ्यावर आहेत. ते तुझ्यासाठी ठेवलेत, आलास की बघू.